रथकाराचे चाक आणि आपली सायकल

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात पचेतन नावाच्या राजाची कथा येते. वाराणसीजवळ इसिपतनाच्या मृगदायात भगवान बुद्धांनी ती भिक्खूंना सांगितली. मिलिंदप्रश्नातील रथाचा दृष्टान्त आपल्या विहारांतून वारंवार ऐकावयास मिळतो. त्या मानाने ही कथा क्वचितच सांगितली जाते.

राजाने आपल्या रथकाराला बोलावून सांगितले, की सहा महिन्यांनी युद्ध होणार आहे, तोवर चाकांची नवी जोडी तयार हवी. रथकाराने होकार दिला. युद्धाला अवघे सहा दिवस उरले तेव्हा राजाने चौकशी केली, तर एकच चाक पुरे झालेले होते. उरलेल्या सहा दिवसांत रथकाराने दुसरे चाक केले आणि दोन्ही राजापुढे ठेवली. दिसावयास दोन्ही सारखीच. राजाला फरक कळेना. तेव्हा रथकाराने सहा दिवसांचे चाक ढकलून दिले. जोर होता तोवर ते धावले आणि मग गिरकी घेऊन जमिनीवर आडवे झाले. मग त्याने दुसरे चाक ढकलले. जोर संपल्यावर ते जणू आसात बसवल्याप्रमाणे जागच्या जागी उभे राहिले. कारण विचारता रथकार म्हणाला, की पहिल्या चाकाच्या नेमीत, आऱ्यांत आणि नाभीत वाक, दोष व कसर राहून गेली आहे, दुसऱ्यात ती नाही. भगवंतांनी पुढे सांगितले, की तो रथकार म्हणजे पूर्वजन्मीचे ते स्वतःच होते. तेव्हा त्यांना लाकडातील वाक ओळखता येत असे, आता काया, वाचा आणि मन यांतील वाक ओळखता येतो.

कार्यानुभवाच्या तासाला आम्ही सायकलदुरुस्तीचा पाठ घेतो तो याच कथेने सुरू करतो, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण सामाजिक आहे. पालि ग्रंथांत त्या काळी नीच मानलेल्या पाच कुळांची यादी अनेकदा येते: चांडाल, नेसाद, वेण, रथकार आणि पुक्कुस. म्हणजे तथागतांनी आपला पूर्वजन्म सांगताना ज्या कारागिराची ओळख दिली, त्याचे कूळ या यादीतील आहे. ज्या समाजाच्या हातांना पिढ्यान् पिढ्या काम दिले गेले, पण त्या कामाला मान दिला गेला नाही, त्या समाजाला या गोष्टीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरीही आपल्याच काही पालकांना आजही असे वाटते, की हाती पाना घेणे हे अभ्यासात मागे पडलेल्या मुलाचे काम आहे. हे मत आम्हांस मान्य नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचे दुकान घातले. लोखंडी नांगर, कडबा कापण्याचे यंत्र आणि किर्लोस्करवाडी हे सर्व त्यानंतरचे. पुढच्या मोठ्या उद्योगाचा आरंभ सायकलच्या दुकानात झाला, एवढे लक्षात आणून दिले म्हणजे पुरे.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे, आणि उरलेला सर्व लेख त्याविषयीच आहे. सायकलच्या भागातील दोष डोळ्यांना लवकर दिसत नाही. तो भार पडल्यावर, चढावर किंवा पावसात उघड होतो, आणि तोवर त्याने शेजारच्या दोन भागांनाही झिजवलेले असते. दहावीनंतर वसतिगृह सोडून घरी गेलेली मुलगी सायकलने कनिष्ठ महाविद्यालयात जाऊ लागते. जुलैत साखळी सटकू लागते, सायकल पडवीत उभी राहते, दिवाळीपर्यंत तशीच राहते, आणि दरम्यान तिचे वर्ग बुडालेले असतात. एका साखळीच्या किमतीपायी हे घडू नये, एवढ्यासाठी हा पाठ शाळेबाहेरील आप्तजनांपुढेही ठेवत आहोत.

प्रथम चाक

बैलगाडीच्या चाकाचे तुंबा, आरे, पाटे आणि धाव हे शब्द आपल्या आजोबांना पाठ होते. सायकलमध्ये तुंब्याच्या जागी हब, आऱ्यांच्या जागी तारा, पाट्यांच्या जागी रिम आणि धावेच्या जागी टायर आले. रथकाराने सांगितलेली दोषाची तीन स्थाने येथेही तीच आहेत. एक भेद मात्र मोठा आहे. बैलगाडीचा आरा खालून दाब सोसतो. सायकलची तार ताणाने काम करते. सर्व तारा आधीच ताणलेल्या असतात आणि स्वार बसला की खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढेच. म्हणून एक तार सैल पडली की तिचा वाटा शेजारच्या तारांवर जातो आणि काही दिवसांनी त्यांपैकी एखादी हबजवळच्या वाकापाशी तुटते.

आपल्याकडील जुन्या धाटणीच्या उभ्या सायकलीस पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. मागच्या चाकावर भार अधिक, म्हणून मागे तारा अधिक. सायकल उलटी उभी करावी, चाक सावकाश फिरवावे आणि चिमट्याला हात टेकवून खडूचे टोक रिमच्या अगदी जवळ धरावे. जेथे खडू लागतो तेथे चाक त्या बाजूला गेलेले आहे. दुकानात यालाच आउट काढणे म्हणतात. तारा बोटाने छेडून पाहिल्या तर एका बाजूच्या सर्व तारांचा नाद साधारण सारखा यावयास हवा. ज्या तारेचा नाद भरड येतो, ती सैल आहे. निप्पल एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. घाईने पूर्ण फेरे देऊन सरळ केलेले चाक त्या दिवशी सरळ दिसते आणि आठवड्यात पुन्हा वाकते. सहा दिवसांचे चाक ते हेच.

हबमधील छर्रे बदलताना सर्व एकदम बदलावेत. मागे 1/4 इंचाचे आणि पुढे 3/16 इंचाचे छर्रे सामान्यतः लागतात. जुन्या, झिजलेल्या छऱ्यांत दोन नवे टाकले, तर ते दोनच बाकीच्यांहून मोठे ठरतात आणि सगळा भार त्यांच्यावर येऊन कोनला खड्डे पडतात. कोनवर नख फिरवून पाहावे. खड्डा लागला तर कोनही बदलावा.

दात्यांचे गणित

एकाच गिअरच्या सायकलीस पुढे आणि मागे किती दाते असावेत, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. जी सायकल येते ती तशीच चालवली जाते. आमच्या मते निवडीचा खरा आरंभ येथे आहे, कारण या सायकलला चढ, उतार, ओझे आणि वारा या सर्वांसाठी एकच गुणोत्तर मिळते.

28 इंची चाकाचा टायरसह घेर सुमारे 2.24 मीटर भरतो. पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक 2.44 वेळा फिरते आणि सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग ताशी 20 किलोमीटरला किंचित कमी. पुढे 48 दाते घेतले तर एका फेऱ्यात सुमारे 6 मीटर. सपाट शहरी रस्त्यासाठी हे ठीक. पण वरव्याहून उत्तरेस खेड शिवापूर ओलांडून पुण्याकडे निघालो की कात्रजचा डोंगर आडवा येतो, पश्चिमेकडील वाड्या तर डोंगराच्या कुशीतच आहेत, आणि पाठीवर दप्तर, मागे कॅरिअरवर धाकटा भाऊ, अशी आपल्या मुलांची सवारी असते. मागे 18 ऐवजी 20 दात्यांचे, आणि मिळाल्यास 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवावे. 44 आणि 22 या जोडीत एका फेऱ्यात साडेचार मीटर अंतर कापले जाते. सपाटीवर त्याच फेऱ्यांत वेग ताशी 16 किलोमीटरवर येतो, परंतु चढावर पायाला लागणारा जोर सुमारे 18 टक्क्यांनी कमी होतो. चार किलोमीटर वेग गमावून चढ उतरून ढकलत न्यावा लागत नाही, हा सौदा आम्हांस फायद्याचा वाटतो.

फ्रीव्हील बदलणे पुढचे दातेचक्र बदलण्यापेक्षा स्वस्त आणि सोपे. मागे चार दाते वाढले तर साखळी एक इंच अपुरी पडते. मागचे चाक खाचेत अर्धा इंच पुढे सरकवले की ती पुरते. चाक सरकवल्यावर ब्रेकचे रबर रिमवर नीट टेकते का, हे पुन्हा पाहावे. ही तपासणी हमखास राहते. फ्रीव्हील काढण्यासाठी त्याच्या खाचेत बसणारी चावी लागते. स्वाराच्या जोरानेच ते दर दिवशी अधिक घट्ट होत जाते, म्हणून चावी शिकंज्यात धरून चाकच फिरवावे. आणि चाकाच्या सगळ्या तारा बदलावयाच्या असतील, तर फ्रीव्हील आधी उतरवावे. तारा कापून टाकल्यावर नुसत्या हबवरून ते निघणे फार कठीण.

साखळी

साखळीच्या दोन लगतच्या पिनांतील अंतर नवे असताना बरोबर अर्धा इंच असते. म्हणून 24 कड्या म्हणजे 12 इंच. शाळेच्या फूटपट्टीची इंचाची बाजू ताणलेल्या साखळीवर ठेवावी आणि शून्यावर एका पिनेचा मध्य आणावा. पंचविसाव्या पिनेचा मध्य 12 च्या रेघेवर आला तर साखळी उत्तम. तो रेघेच्या 1/16 इंच पुढे गेला तर साखळी बदलावयाची वेळ झाली. 1/8 इंच पुढे गेला असेल तर उशीर झाला आहे. आता साखळीबरोबर बहुधा फ्रीव्हीलही बदलावे लागेल. साखळी ताणून लांबत नाही, पिना आणि त्यांभोवतीची भोके झिजून ती लांब होते. लांबलेली साखळी दात्यांच्या बुडाशी न बसता टोकाकडे चढते आणि दाते माशाच्या कल्ल्यासारखे एका बाजूला झुकवते. अशा झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी चढवली की ती जोर लावताच उडते, आणि मग दोष नव्या साखळीला दिला जातो. या तिघांत साखळी सर्वांत स्वस्त. ती वेळेवर बदलली तर दातेचक्र पुष्कळ वर्षे टिकते.

भाताच्या लावणीच्या दिवसांत आमच्या भागातील चिखल साखळीत घुसतो आणि वाळला की कानशीप्रमाणे घासत राहतो. वरून नुसते तेल ओतणे हा त्यावर उपाय नव्हे. तेलाने चिखलाचा लगदा होतो. आधी कोरड्या फडक्याने पुसावे, नंतर प्रत्येक कडीच्या रोलरवर पातळ तेलाचा एक थेंब सोडावा आणि थोड्या वेळाने बाहेरचे तेल पुसून काढावे. साखळीचे लॉक बसवताना त्याची बंद बाजू साखळीच्या धावण्याच्या दिशेला असावी, उघडी बाजू मागे.

ब्रेक, आणि दुकानात जाताना

सळईच्या ब्रेकमध्ये रबर रिमच्या आतल्या अंगाला वर ओढले जाते. लोखंडी रिम कोरडी असताना हा ब्रेक समाधानकारक काम करतो. भिजल्यावर त्याची पकड बरीच घटते. पावसाळ्यात उतारावर ब्रेक आधीपासून हलके दाबत राहावे, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते. रबर ज्या घरात बसते त्याचे बंद तोंड चाकाच्या फिरण्याच्या दिशेला असले पाहिजे. उलटे बसवले तर जोरात ब्रेक दाबताच रबर घरातून निसटून बाहेर येते. महामार्गाच्या सेवा रस्त्यावर अशा क्षणी काय होईल, हे पालकांना सांगावयास नको. ही तपासणी फक्त डोळ्यांनी होते, पैसा लागत नाही.

टायर घेताना इंचाच्या आकड्यावर विसंबू नये. जुन्या उभ्या सायकलीचा 28 इंची टायर आणि नव्या हलक्या सायकलीचा 28 इंची म्हटला जाणारा टायर हे दोन भिन्न मापांचे असतात. टायरच्या अंगावर 40-635 असा जोड आकडा छापलेला असतो. त्यातील दुसरा आकडा रिमवर जेथे टायर बसतो तेथील व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. उभ्या सायकलीचा 635, हलक्या सायकलीचा 622. मुलींच्या 26 इंची सायकलीस बहुधा 590 लागतो, डोंगरी धाटणीच्या 26 इंचीस 559. दुसरा आकडा जुळला नाही तर टायर बसणार नाही. तोच न्याय इतर भागांना: जुना भाग फडक्यात गुंडाळून दुकानात न्यावा आणि नव्याशेजारी ठेवून पाहावा.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, उजवीकडील बी.बी. कपाचेही उलटे. जोर लावूनही सुटत नसेल तर अधिक जोर लावण्यापूर्वी दिशा तपासावी. कॉटर ठोकताना क्रँकखाली लाकडी ठोकळ्याचा किंवा लोखंडी नळीचा भक्कम आधार द्यावा. नाहीतर हातोडीचा प्रत्येक घाव आतल्या छऱ्यांवर बसतो. नटाने कॉटर ओढून घेऊ नये. ठोकून बसवावा, नट तो जागी धरण्यासाठी आहे.

पुण्यात असलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी

शिक्षण वा नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या तरुणांत फिक्स्ड गिअरच्या सायकलींचे आकर्षण दिसते. या सायकलीत फ्रीव्हील नसते. मागचे दातेचक्र हबला पक्के जोडलेले असते, म्हणून चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहते. यात नवे असे काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रूढ होईपर्यंत सगळ्याच सायकली अशा होत्या, आणि बालेवाडीच्या क्रीडासंकुलात वेलोड्रोमवर ज्या सायकली धावतात त्या आजही अशाच असतात, त्याही ब्रेकविना. पण तेथे सगळे एका दिशेने जातात आणि आडवी म्हैस येत नाही.

अशी सायकल साधी, हलकी आणि देखभालीस सोपी असते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु रस्त्यावर तिला पुढचा ब्रेक हवाच. पाय रोखून मागचे चाक थांबवता येते, असे सांगितले जाते. ते थांबणे साखळीच्या भरवशावर असते. साखळी उतरली की तो ब्रेकही गेला. शिवाय उताराचे गणित पाहावे. 44 आणि 18 या जोडीने कात्रजच्या उतारावर ताशी 40 किलोमीटर वेग आला, तर पाय मिनिटाला सुमारे 122 फेरे फिरतात, आणि ते थांबवणे पायांच्या हाती राहत नाही.

जुन्या सायकलीच्या फ्रीव्हीलच्या आट्यांवर नुसते पक्के दातेचक्र फिरवून बसवण्याची युक्ती काही जण करतात. ती करू नये. पाय मागे रोखला की तेच चक्र उलटे फिरून सुटते. फिक्स्ड गिअरच्या खऱ्या हबवर चक्राबाहेर उलट्या आट्यांची एक कडी असते, ती चक्राला सुटू देत नाही. कडी असलेला हबच घ्यावा. साखळी सैल ठेवू नये, तारेसारखी ताठही करू नये. सर्वांत घट्ट जागी मध्यावर बोटाने दाबली असता अर्धा इंच हलावी. साखळी पुसताना चाक फिरते ठेवून फडके धरू नये. फ्रीव्हीलची साखळी हात अडकताच थांबते, ही थांबत नाही आणि बोटे जातात. ओढणी व पायजम्याचे टोक यांचेही तसेच, म्हणून साखळीचे कव्हर काढून टाकू नये.

पाय रोखून घसरत थांबण्याची सवय असणाऱ्यांनी अपूर्णांकाचा पाठ आठवावा. दात्यांचे गुणोत्तर अतिसंक्षिप्त रूपात लिहिले, की एकच पाय पुढे ठेवून थांबणाऱ्याचा टायर किती ठिकाणी झिजेल हे छेद सांगतो. 48 आणि 16 म्हणजे 3/1, टायर दरवेळी एकाच जागी घासतो आणि लवकरच फाटतो. 44 आणि 18 म्हणजे 22/9, नऊ जागा. 47 आणि 17 घेतले तर सतरा.

नवीन चाक घेणारच असाल, तर दोन्ही बाजूंना आटे असलेला हब मागावा. एका बाजूला कडीसह पक्के चक्र, दुसऱ्या बाजूला दोन-चार दाते अधिक असलेले फ्रीव्हील. शहरात हवे ते वापरावे. कात्रज ओलांडून घरी वरव्याला यावयाचे असेल, तेव्हा निघण्यापूर्वी 15 च्या पान्याने मागचे दोन नट सैल करून चाक उलटावे, फ्रीव्हीलची बाजू साखळीखाली घ्यावी, साखळीचा ताण आणि ब्रेकचे रबर पाहावे, आणि नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळावेत.